तीन थरांचा केक आणि खरी फुलं : कामाच्या नोंदी

६ जानेवारी

ऑर्डर पक्की झाली. लग्न १५ फेब्रुवारीला, माणसं ७५ च्या आसपास. १०, ८ आणि ६ इंचांचे तीन थर, व्हॅनिला स्पंज, पांढरं बटरक्रीम आणि वर खरी फुलं. साखरेची नकोत, हे नवरीने दोनदा बजावलं. मग मोबाइल पुढे केला. "ताई, अगदी असाच हवा."

फोटो देखणा आहे, वादच नाही. पण मी तो दोन बोटांनी मोठा करत गेले आणि माझा चेहरा बारीक होत गेला. सगळ्यात वर लिली ऑफ द व्हॅलीच्या पांढऱ्या घंटांचा झुबका. मधल्या थराला फिकट निळ्या हायड्रेंजियाचे गेंद. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे जिप्सोफिला पेरलेला. खाली पांढरे गुलाब आणि निलगिरीची पानं. पाचांपैकी केकवर बसवण्याजोगा एकच, गुलाब, आणि तोही अटी घालून. समोर मी फक्त "बघते" एवढंच म्हटलं.

घरी येताना चार वर्षांपूर्वीचा एक वाढदिवसाचा केक आठवला. फुलवाल्याकडून आणलेला जिप्सोफिला मी थेट क्रीममध्ये खोचला होता. सुरी फिरली तशा त्याच्या कळ्या तुटून क्रीममध्ये मिसळल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका आजोबांनी त्या चमच्याने क्रीमसकट खाल्ल्या. त्यांना काही झालं नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. फुलांच्या केकच्या नोंदी ठेवायला लागले ती तेव्हापासून.

७ जानेवारी

फोटोतल्या फुलांची एकेक करून झडती.

लिली ऑफ द व्हॅली : बाद, आणि फेरविचार नाही. दिसायला इतकं भाबडं फूल दुसरं नसेल. पण पानापासून लाल फळापर्यंत सगळ्या झाडात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स आहेत, कॉन्व्हॅलाटॉक्सिन त्यातलंच. डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाच्या जातीचा हा परिणाम, म्हणजे ठोक्यांची लय बिघडते. ज्या पाण्यात हे फूल ठेवतात ते पाणीसुद्धा विषारी होतं. मग ओलसर क्रीममध्ये रात्रभर खोचलेल्या देठाचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

हायड्रेंजिया : पानांत आणि कळ्यांत सायनोजेनिक ग्लायकोसाइड्स, म्हणजे सायनाइड सोडणारी द्रव्यं. बहुतेकदा पोट बिघडण्यावर निभावतं. पण "बहुतेकदा" हा शब्द मला लग्नाच्या केकशेजारी चालत नाही.

जिप्सोफिला : सॅपोनिन. पोटाला आणि त्वचेला त्रास देतो. शिवाय कळ्या इतक्या बारीक की पडलेल्या वेचून काढणं अशक्य. माझ्या मते केकवरचं सगळ्यात फसवं फूल हेच. विष कमी आहे, पण पोटात जाण्याची शक्यता सर्वांत जास्त.

निलगिरी : तेलाचे काही मिलिलिटरही लहान मुलाला बाधू शकतात. पान कुणी चावून खाणार नाही हे खरं, पण बाजारातली पानं बऱ्याचदा रंगवलेली असतात. बाद.

९ जानेवारी

नवरीशी बोलले. सोबत तिची आई होती. अपेक्षित होता तोच प्रश्न आला.

"पण ताई, ती फुलं कोण खाणारे? शोभेलाच तर आहेत ना?"

"तू नाही खाणार. पण केक कापून बश्या भरताना तिथे तू नसशीलच."

काकू म्हणाल्या, "खाण्याच्या वस्तूवर जे ठेवलंय ते खायचंच, असं पोरं धरून चालतात." माझं निम्मं काम त्यांनी केलं.

तेव्हा नियम ठरला : केकला जे जे टेकणार, ते ते कुणीतरी खाणार असं समजून निवडायचं. "खायचं फूल" आणि "शोभेचं फूल" असे दोन वर्ग ठेवायचेच नाहीत. नवरीने नाराजीने मान हलवली, पण लिली ऑफ द व्हॅलीवर अडून बसली. ते तिच्या पुष्पगुच्छातही आहे. गुच्छात असू दे म्हटलं, गुच्छ कुणी बशीत वाढत नाही. फक्त तो केकच्या टेबलावर टेकवायचा नाही आणि ज्या हातांनी धरला ते धुतल्याशिवाय केकला लावायचे नाहीत. वरच्या झुबक्याचं काय करायचं ते सुचायला वेळ मागून घेतला.

१२ जानेवारी

नवरीकडून पर्यायांची यादी आली : रॅनन्क्युलस, ट्युलिप, कॅला लिली, डॅफोडिल, "जॅस्मिन" आणि "चाफा चालेल का?"

रॅनन्क्युलस केकवर हल्ली फार दिसतं, गुलाबासारखं पदरावर पदर. चिरडलं की त्यातून प्रोटोॲनिमोनिन तयार होतं, तोंडाची आग होते. ॲनिमोनीची तीच कथा. कॅलामध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते अक्षरशः जिभेत टोचतात. अँथुरियमचंही तसंच. डॅफोडिलमध्ये लायकोरिन, त्याने उलट्या होतात. ट्युलिपच्या पाकळ्या काही जण खातात, पण ट्युलिप हाताळणाऱ्यांच्या बोटांना त्याची ॲलर्जी होते हे जुनं दुखणं आहे. मी वाटेला जात नाही.

खरा घोळ नावांचा. चाफा म्हटलं की कुठला? सोनचाफा वेगळ्या कुळातला, हिरवा चाफा वेगळ्या, आणि देठ मोडला की पांढरा चीक गाळणारा तो तिसराच, कण्हेरीच्या कुळातला. चीक गाळणारं काहीही केकवर नको, एवढा ठोकताळा हाताशी ठेवलेला बरा. जॅस्मिनचंही असंच. मोगरा खरा जॅस्मिनम, चहाला त्याचाच वास देतात. पण जेल्सेमियम नावाच्या पिवळ्या वेलीलाही इंग्रजीत जेसमिनच म्हणतात आणि ती जहाल विषारी आहे. कॅलेंड्युला आणि झेंडू या दोघांना मिळून मेरीगोल्ड हे एकच नाव. लिलीबद्दल तर बोलायलाच नको, डे लिली भाजीत पडते आणि लिली ऑफ द व्हॅली दवाखान्यात पोचवते.

म्हणून आजपासून वहीत प्रत्येक फुलापुढे शास्त्रीय नाव. रोझा, व्हायोला, कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस, लोब्युलारिया मॅरिटिमा. ज्याचं शास्त्रीय नाव विकणाऱ्याला सांगता येत नाही, ते फूल माझ्याकडे येणार नाही.

(कण्हेर यादीत नव्हती, तरी लिहून ठेवते. दुहेरी गुलाबी कण्हेर लांबून गुलाबाच्या गुच्छासारखी दिसते आणि सजावटवाले ती बिनदिक्कत वापरतात. तिचा पान, फूल, काटकी यातला कुठलाही भाग निरुपद्रवी नाही.)

१५ जानेवारी

नेहमीच्या फुलवाल्याकडे. पांढरे गुलाब अप्रतिम होते, एकाही पाकळीवर डाग नाही. तिथेच शंका आली. विचारलं, "दादा, हे केकवर चालतील?"

त्याने टोपलीवरचा हात बाजूला घेतला. "खायच्या वस्तूवर? नका लावू ताई. यावर काय काय मारलंय ते मलाही माहीत नाही."

असा सरळ माणूस भेटणं नशीब. गुलाब ही खाण्याजोगी जात आहे, पण हा गुलाब खाण्याजोगा नाही. कापलेली फुलं डागाशिवाय पोचावीत म्हणून शेतात फवारणी होते, काढणीनंतर काहींना बुरशीनाशकात बुडवतात, वाटेत टिकावूपणाची पावडर घातलेल्या पाण्यात ठेवतात. कार्नेशनला तर चांदीच्या संयुगाचं पाणी पाजतात, म्हणजे फुलं कोमेजवणाऱ्या इथिलीन वायूचा परिणाम होत नाही आणि ती लवकर मान टाकत नाहीत. बेल्जियममध्ये २०१६ साली एक तपासणी प्रसिद्ध झाली होती. गुलाब, जरबेरा आणि शेवंतीचे ९० नमुने, आणि त्यात मिळून कीडनाशकांचे १०७ वेगवेगळे घटक. अभ्यास फुलं हाताळणाऱ्या विक्रेत्यांच्या काळजीपोटी झाला होता. ती फुलं कुणी खाईल हा विचार त्यातही नव्हता.

धुऊन चालेल का, हा प्रश्न मला दर ऑर्डरला येतो. वरवरची धूळ धुतली जाते. आंतरप्रवाही औषध मुळातून किंवा पानातून झाडाच्या रसात गेलेलं असतं, ते नळाखाली धरून जात नाही. पाकळी आतून धुता येत नाही.

रोपवाटिकेतून कुंडी आणून घरी फुलवली तरी हीच अडचण. रोपाला आधी काय दिलं होतं ते कुणी लिहून देत नाही.

१८ जानेवारी

पिकवणारा सापडला. सॅलडची पानं आणि खाण्याची फुलं लावतो, साठीचा गृहस्थ, बोलायला तुटक. वाफ्यात उभं राहून चार गोष्टी विचारल्या. जातीचं पूर्ण नाव काय? शेवटची फवारणी कधी आणि कशाची? कच्चं शेणखत घालता का? पाणी कुठलं? कच्च्या खताचा प्रश्न लोक विसरतात. ही फुलं शिजवली जात नाहीत, तेव्हा जंतूंच्या बाबतीत ती कच्च्या कोशिंबिरीच्या पंक्तीतली.

काकांनी खिशातून वही काढून तारखांसकट दाखवली. तिथेच सौदा झाला.

ठरलेली फुलं : फिकट पांढरे गुलाब ४०, व्हायोला (पॅन्सीसारखं छोटं फूल) पांढरी आणि जांभळट, कॅलेंड्युलाच्या पाकळ्या. जिप्सोफिलाच्या जागी ॲलिसम, म्हणजे लोब्युलारिया. मोहरीच्या कुळातलं, बारीक पांढऱ्या फुलांचे घोस, मधासारखा मंद वास. आणि गंमत म्हणून कोथिंबिरीची फुलं, कारण माझ्याच कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली आहे आणि ती लेससारखी दिसते. या छत्रीच्या आकाराच्या फुलोऱ्यात मात्र स्वतः पेरलेलं असेल तरच हात घालावा. गाजर-कोथिंबिरीच्या या कुळातच जहाल विषारी हेमलॉकही आहे आणि रानात दोघं भावंडांसारखी दिसतात.

२४ जानेवारी

पहिली चाचणी. थर्मोकोलच्या डमीवर खरं बटरक्रीम लावून सकाळी ९ ला फुलं बसवली. खोलीत २६ अंश.

व्हायोला दोन तासांत कडेने वळायला लागलं. जाड क्रीमवर सपाट दाबून बसवलेलं मात्र चार तास टिकलं, कारण खालून ओलावा मिळतो आणि हवा कमी लागते. तेव्हा व्हायोला उभं खोचायचं नाही, चिकटवायचं, आणि तेही शेवटच्या तासाला. ॲलिसमने देठाला पाणी नसताना तीन तासांत माना टाकल्या. गुलाबांनी संध्याकाळी ६ पर्यंत काही तक्रार केली नाही. अर्धवट उमललेला सगळ्यात बरा. पूर्ण उमललेल्याच्या बाहेरच्या पाकळ्या दुपारी गळाल्या.

नवरीच्या बहिणीला कुठेतरी निळं हवं होतं, म्हणून गोकर्णाचं एक फूल लावून पाहिलं. जिथे पाकळी टेकली तिथे क्रीमवर शाईच्या बोटासारखा डाग. काढला तर अजून पसरला. शिवाय हा रंग आंबटाला लागला की जांभळा होतो, आणि माझ्या मधल्या थरात लिंबाचं सारण आहे. नियमांचाही एकमेळ नाही : अमेरिकेच्या एफडीएने २०२१ साली या फुलाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली, तर पुढच्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सुक्या फुलांवर आक्षेप घेतला. मला तर क्रीमवरचा डागच पुरला. निळं रद्द.

डमी रात्री फ्रिजमध्ये ठेवली.

२५ जानेवारी

फ्रिज उघडला आणि भाजीमंडईत उभी आहे असं वाटलं. कोथिंबिरीच्या फुलांनी रात्रभरात सगळ्या क्रीमला वास दिला. लोणी वास ओढून घेतं हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे, तरी हे केलं. व्हॅनिलाचा पत्ता नाही. कोथिंबीर रद्द, क्रीम पोळीला लावून मुलाने संपवलं आणि म्हणाला वाईट नाही लागत.

२९ जानेवारी

देठांचं काम. माझ्या मते फुलाच्या जातीइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि फोटोत कधी दिसत नाही.

खाण्याजोग्या गुलाबाचाही देठ मी थेट केकमध्ये घालत नाही. तो मातीजवळचा भाग, काटे काढलेल्या जागी उघडा पडलेला, आणि तोंडातून पाणी झिरपत असतं. सजावटीची हिरवी टेप त्यावर गुंडाळून भागत नाही. ती मेण लावलेल्या कागदाची असते, खाण्याच्या वस्तूसाठी बनवलेलीच नाही. तार तर नकोच. तुटलेला तुकडा स्पंजमध्ये राहिला तर दाताखालीच सापडतो. फुलं खोचायचा तो हिरवा फोम केकवर ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. हात लावला की त्याची भुकटी पडते, आणि ती भुकटी प्लॅस्टिकची असते.

तीन पद्धती करून पाहिल्या. वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये देठ बुडवून सुकवणं : छान दिसतं, पण गुलाबाच्या जाड देठावर वाळताना तडा जातो. तयार मिळणाऱ्या टोकदार प्लॅस्टिकच्या नळ्या : पक्क्या, पण जाड, ६ इंची थराला भगदाड पडतं. तिसरी, खाद्यपदार्थासाठीची जाड स्ट्रॉ : ६ सेंटिमीटरचा तुकडा, खालचं तोंड चॉकलेटच्या थेंबाने बंद, आत ओल्या कापसाची बारीक गुंडी, त्यात देठ आणि वरच्या कडेला पुन्हा चॉकलेट. हीच जमली. कापसामुळे गुलाब आणखी तीन तास ताजा राहिला. ॲलिसमचे पाच-सहा देठ एकाच स्ट्रॉत मावतात आणि पाणी मिळाल्यावर ते माना टाकत नाहीत.

एका स्ट्रॉला मला चार मिनिटं लागतात. चॉकलेट फार गरम असलं तर कापूस ते शोषून घेतो आणि सगळं परत. अंगठ्यावर थेंब टेकवून बघायचा, गरम लागला नाही तरच बुडवायचं.

२ फेब्रुवारी

वरच्या झुबक्याचा तोडगा : लिली ऑफ द व्हॅली साखरेची.

नवरीला साखरेची फुलं नकोच होती, म्हणून फोन लावायच्या आधी पुरावा शोधून ठेवला. २०११ साली प्रिन्स विल्यम आणि केट मिडलटन यांच्या लग्नात तिच्या हातातल्या गुच्छात खरी लिली ऑफ द व्हॅली होती. फिओना केर्न्स यांनी केलेल्या आठ थरांच्या केकवर सुमारे ९०० फुलं होती, ती सगळी साखरेची, आणि त्यांतही हे फूल होतं. म्हणजे हातात खरं, केकवर साखरेचं. हीच वाटणी आपण करू म्हटलं.

"त्यांनी केलं तर चालेल," ती म्हणाली. माझं महिनाभराचं रसायनशास्त्र वाया गेलं. असो.

रात्री गम पेस्ट, म्हणजे फुलं घडवायची साखरेची कणीक, मळून बसले. मटाराच्या निम्म्या आकाराची गोळी, तिच्यात टोकदार लाकडी हत्याराने खळगा करून बोटावर फिरवत भिंत पातळ करायची, मग कडेला कात्रीने सहा चिरा देऊन प्रत्येक टोक बाहेर मुडपायचं. खऱ्या घंटेलाही सहाच टोकं असतात. पहिल्या वीस घंटा हेल्मेटसारख्या झाल्या. जाडी गेली तेव्हा दिव्यासमोर धरल्यावर प्रकाश आरपार दिसायला लागला, आणि तिथून पुढे हात आपोआप चालला. एकूण ६४. बारीक तारेवर ओवल्या आहेत, त्यामुळे तारेचा नियम यांनाही लागू : सगळ्या तारा एकत्र करून एका जाड नळीत, आणि ती नळीच केकमध्ये.

५ फेब्रुवारी

काकूंचा फोन. पाहुण्यांत एका मावशींना दमा आहे, आणि शेवंती घरात आणली की त्यांचे डोळे सुजतात. कॅलेंड्युला शेवंतीच्याच कुळातलं. एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचा त्रास होऊ शकतो. पाकळ्यांचा भाग रद्द. खरं सांगायचं तर पांढऱ्यावर तो केशरी मला आवडतही नव्हता, निमित्त मिळालं.

गुलाबांचं परागही काढणार. उमललेल्या फुलाच्या मधोमध चिमटा घालून पुंकेसर उपटले की झालं, चाळीस फुलांना अर्धा तास.

९ फेब्रुवारी

सकाळी काकांचा फोन. गुलाबांच्या एका ओळीवर भुरी आली, आणि त्यांच्या मुलाने न विचारता बुरशीनाशक मारलं. आंतरप्रवाही. काकांचा आवाज पडलेला होता. डबा वाचून दाखवायला सांगितलं. गुलाब शोभेचं पीक म्हणून लिहिलेलं, फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं याचा रकानाच नाही. कसा असेल? गुलाब कुणी खाईल हे त्या डब्याला माहीत नाही. सहा दिवसांत औषध उतरेल की नाही हे मी अंदाजाने ठरवणार नव्हते.

ती ओळ गेली. उरलेल्या दोन ओळींत मिळून तारखेला २२ फुलं येतील असा त्यांचा हिशेब. ४० चे २२.

त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. फुलं तशीच दिसली असती. या धंद्यात शेवटी सगळं एका माणसाच्या वहीवर उभं असतं.

दुपारभर कागदावर रेघोट्या. चारही बाजूंनी फुलं सोडून दिली. एकच तिरका पट्टा, खालच्या थराच्या डावीकडून वर उजवीकडे चढत जाणारा. १८ गुलाब त्यात, चार राखीव. मधल्या फटी ॲलिसमने भरायच्या. नवरीला चित्र पाठवलं. उत्तर आलं : "हे तर फोटोपेक्षा छान." सुटले.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी फुलं आली. प्रत्येक गुलाब थंड पाण्यात उलटा बुडवून हलवला, चोळला नाही. तिसऱ्या फुलातून फुलकिडे निघाले, केसाच्या तुकड्याएवढे. फवारलेलं नाही याची पावती म्हणायची. पुन्हा दोनदा बुडवलं. फडक्यावर तोंड खाली करून ठेवलं.

मग ओलसर कागद घातलेल्या डब्यात, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. आधी फ्रिजमधली सफरचंदं बाहेर काढली. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन सुटतं आणि एका रात्रीत फुलं म्हातारी होतात.

१४ फेब्रुवारी

थर भरले, रचले, वरच्या थरांना आधार म्हणून डॉवेल (आतल्या काठ्या) घातल्या, शेवटचा हात फिरवला. स्ट्रॉ तयार : गुलाबांना १८, ॲलिसमला ५, साखरेच्या झुबक्याची १ जाड नळी. एकूण २४, वहीत लिहून काकूंना मेसेजही केला. गेलेल्या वस्तू तेवढ्याच परत आल्या पाहिजेत.

रात्री ११ ला पाठ धरली.

१५ फेब्रुवारी

कार्यक्रमाच्या आधी दोन तास जागेवर पोचले. फुलं तिथेच बसवली. व्हायोला सगळ्यात शेवटी, पाठीला क्रीमचा ठिपका लावून. एक राखीव गुलाब लागला, कारण वाहनात एकाची मान मोडली.

केकशेजारी छोटं कार्ड ठेवलं : कुठली फुलं आहेत, कुठली साखरेची, आणि कापायच्या आधी फुलं व नळ्या काढाव्यात. कार्ड कुणी वाचत नाही, म्हणून वाढणाऱ्या मुलालाही सांगितलं, आणि तो विसरेल म्हणून स्वतः थांबले. गुलाबाच्या पाकळ्या बशीत हव्या असणाऱ्यांसाठी तळाचा पांढरा भाग कापून वेगळ्या ठेवल्या होत्या, तो कडू लागतो.

फोटो होईपर्यंत पाचेक वर्षांची एक मुलगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी होती. सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना तिने खालच्या थरावरचं जांभळं व्हायोला नखाने सोडवलं आणि तोंडात टाकलं. मग माझ्याकडे बघितलं.

"कसं लागतं?"

"पानासारखं." आणि दुसरं काढलं.

कापायच्या आधी नळ्या मोजत बाहेर काढल्या. २३. पुन्हा मोजल्या, २३. खालच्या थराची सगळी कापणी थांबवली. वाढणारा मुलगा वैतागला, मी त्याच्या हातातली सुरीच घेतली. भोकं मोजली, तीही २३, सगळी रिकामी. मग काकू लगबगीने आल्या. साखरेचा झुबका नवरीला जपून ठेवायचा होता, म्हणून त्यांनी तो नळीसकट उपटून नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला होता. भोक वरच्या क्रीमने आपोआप बुजलं होतं. ६४ पैकी नऊ घंटा फुटल्या.

चोवीसावी नळी पुसून डब्यात टाकली आणि सुरी परत दिली.